पहिलं पाणी घरचं

गोरक्षनं ट्रकवरून होडी उतरवली त्या दिवशी मिरजगावात पिण्याच्या पाण्याचा टँकर आला नव्हता. गावाला तेवढं निमित्त पुरलं. सकाळपासून हंडे मांडून बसलेल्या बाया हंडे तिथंच टाकून हायवेच्या कडेला होडी बघायला आल्या, आणि चहाच्या टपरीवरच्या छगननं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारून घेतलं, "काय रं गोरक्षा, हिला वैरन किती लागती?" गाव पोट धरून हसलं. गोरक्षसुद्धा हसला. आपण तेव्हा मोकळेपणानं हसलो होतो, हे पुढं त्याचं त्यालाच खरं वाटेनासं झालं.

होडी म्हणजे काय, होडीचं मढं होतं. लांब टोकदार नाकाची, फायबरची स्पीडबोट, पण रंग उडालेला, काचा फुटलेल्या, आणि बसायच्या जागेतून उंबराचं एक रोप वर आलेलं. उरणकडं एका बोटींच्या यार्डात गोरक्षनं उमेदीची सगळी वर्षं घातली होती. दुसऱ्यांच्या होड्या घासल्या, रंगवल्या, पळवून दाखवल्या आणि ज्याच्या त्याच्या हवाली केल्या. या भानगडीत लग्न करायचं राहून गेलं. पुढं यार्ड बंद पडलं, मालकानं जागा विकली आणि कोपऱ्यात पडलेलं हे धूड 'न्यायचं तर घेऊन जा' म्हणून गोरक्षला देऊन टाकलं. शहाण्या माणसानं तिथंच हात जोडले असते. गोरक्षनं ट्रक ठरवला.

त्याला या होडीची जात माहीत होती. ही पाण्यातून चालत नाही. जोर धरला की पाण्याच्या वर येते आणि मागचा वीतभर भाग काय तो टेकवून सुटते. अशा होड्या त्यानं पुष्कळ पळवल्या होत्या, पण दर वेळी शेजारी मालक बसलेला. एकदा, फक्त एकदा, आपल्या हातानं उभी केलेली आपली होडी पळवायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यात असलं काही असू नये असं म्हणणारे गावात शंभर होते. त्यातल्या एकाच्याही डोक्यात जन्मात असलं काही आलं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना मोठा अभिमान होता.

वस्तीवर थोरला भाऊ भीमा आणि वहिनी बनुबाई. वडील गेले तेव्हा गोरक्ष शेंबडं पोर होता. भीमानं त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. पुढं भीमाला मूलबाळ झालं नाही, त्यामुळं 'सारखा' हा शब्दसुद्धा गळून पडला. गावानं होडीला नावं ठेवली, भीमानं नाही. त्यानं ट्रकला एक चक्कर मारली, नव्यानं आणलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा होडीच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "उनात ठिऊ नगंस तिला. गोठा मोकळा करतो." गाई बाभळीखाली आल्या आणि होडी गोठ्यात गेली.

दिवसा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग करायचं आणि संध्याकाळी गोठ्यात शिरायचं, असा गोरक्षचा क्रम सुरू झाला. वरचं कवच कापून बाजूला काढलं तर आतलं लाकूड चहाच्या चोथ्यासारखं हातात आलं. बुडाशी ज्या दोन लाकडी तुळया असतात, ज्यांच्यावर होडीचा सगळा ताठा असतो, त्या गेलेल्या. मागच्या बाजूला ज्या फळीला इंजिन टांगतात तीही गेलेली. गोरक्षनं सगळं खरवडून काढलं. नवीन तुळया कापून बसवल्या, त्यांच्यावर काचेचं कापड अंथरून रेझिनचे थरावर थर दिले. काचेची कुसं अंगात शिरून रात्ररात्र खाज सुटायची. "भावजी, तुमच्या त्या औषधाचा वास भाकरीला लागतुया," बनुबाई कुरकुरायची, आणि भाकरी झाकून गोठ्यातच आणून द्यायची.

होडी नुसती जुनी होती तशी करून गोरक्षचं समाधान होणार नव्हतं. भंगारातून त्यानं तिला झेपेल त्याहून मोठं इंजिन मिळवलं, नगरच्या लेथवर त्याचे भाग करून आणले. इंजिन जरा उंच बसावं म्हणून मागं स्वतःच्या हातानं लोखंडी ब्रॅकेट जोडलं. वजन मागं जावं म्हणून सीट मागं सरकवली. पाण्यातला पंखा होता स्टेनलेस स्टीलचा. त्याच्या कडा ग्राइंडरवर धरून त्यानं पातळ केल्या. पंख्यानं पाणी ढकलायचं नाही, कापायचं, असं त्याचं म्हणणं. अंगठा लावून धार बघताना अंगठा कापला तेव्हा कुठं तो थांबला.

आल्यागेल्याला होडी दाखवायचं काम मात्र भीमाचं. बिचाऱ्यानं जन्मात विहिरीपलीकडं पाणी बघितलं नव्हतं, पण आव असा आणायचा की उरणला यार्ड ह्याचंच होतं. "ही मागली फळी," तो पाहुण्याला सांगायचा, "ही जर कुजकी ऱ्हायली ना, तर इंजिन होडीला सोडून एकलंच म्होरं पळून जाईल." पाहुणा मान डोलवायचा आणि जाताना हळूच विचारायचा, "पन पळंल का वो ही खरंच?" भीमाला या प्रश्नाचा राग येत नसे. "पळंल की," तो म्हणायचा, आणि पाहुण्याला बांधावरून बाग दाखवायला न्यायचा.

कारण भीमाचं स्वतःचं खूळ ते. मुरमाड माळावर त्यानं लिंबोणी लावली होती. लांबून गाळ आणून खड्डे भरले, कोवळ्या रोपांना बनुबाईनं हंड्यानं पाणी घातलं, उन्हाळ्यात झाडांवर गोणपाटाची सावली केली आणि स्वतः उन्हात बसली. इतक्या वर्षांनी, त्या साली, बाग पहिल्यांदा उन्हाळी बहारानं लगडली होती. उन्हाळ्यात ज्याच्या झाडावर लिंबू, त्याच्या बांधावर व्यापारी आपल्या पायानं येतो. पण विहीर होळीलाच तळ दाखवायची आणि बोअर घेतलं तेव्हा नुसता फुफाटा निघाला होता. म्हणून भीमानं शेततळं केलं होतं आणि पावसाळ्यातलं पाणी त्यात साठवलं होतं. तळ्याला आतून जाड काळं प्लॅस्टिक असतं, त्याला आमच्याकडं सगळे कागदच म्हणतात. कागदाखाली मुरूम, आणि मुरमाच्या पोटात पाणी ठरत नाही. पावसाळा येईतोवर बागेला तेवढंच एक पाणी होतं. पाणी टिकलं तर बाग जगणार होती, आणि बाग जगली तर भीमाच्या आयुष्याचं सोनं होणार होतं. हे गोरक्षला पुरतं ठाऊक होतं.

होडी तयार झाली तेव्हा गोरक्षनं ती उजनी धरणाच्या फुगवट्यात न्यायची ठरवली. तिथं पाणी अफाट. टेम्पोवाल्याशी बोलणंही झालं. भीमानं ते ऐकलं, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "घरचं पानी सोडून पयल्यांदा परक्या पान्यात घालतोस व्हय?"

आमच्याकडं नवा नांगर आधी आपल्या वावरात घालतात. नव्या मोटरीचं पहिलं पाणी आपल्या पिकाला देतात. मोटारसायकल घेतली तरी आधी शेताला चक्कर मारून मग गावात जातात. वस्तूचा पहिला गुण घरच्या मातीला लागावा, मग ती कुठंही राबो. भीमाला वाटत होतं ते एवढंच, आणि ते वावगं होतं असं कोण म्हणेल?

"दादा, तळ्यात कागद हाय," गोरक्ष म्हणाला. "आन पंख्याला धार हाय."

"मी कुटं पळीव म्हनतोय? पाडव्याला नुस्ती तरंगवायची. नारळ फोडायचा, उचलायची, मंग ने तुज्या उजनीला."

भीमानं धाकट्या भावाकडं आजवर काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. गोरक्षच्या तोंडून नाही निघेना. "बरं," तो म्हणाला, "पन इंजिन चालू करायचं न्हाई." हे बोलला तोच होता, आणि मोडलं तेही त्यानंच. यात दुसऱ्या कुणाचा हात नाही.

पाडव्याला सकाळी नूरमहंमद हायड्रा घेऊन आला. हा गोरक्षचा शाळेपासूनचा दोस्त. विहिरीच्या नि कारखान्याच्या कामावर क्रेन चालवायचा. त्यानं क्रेन बांधाशी लावली, होडीच्या पोटाखालून रुंद पट्टे घातले आणि अंड्याला हात लावावा तशी ती अलगद उचलली. पांढरी होडी, तिच्या अंगावर भीमानं पसंत केलेला लाल पट्टा. सगळं गाव बांधावर होतं, छगन टपरी बंद करून आला होता. होडी पाण्याला टेकली, जराशी डुलली आणि राहिली. आत पाण्याचा टिपूस नाही. नारळ फुटला. गोरक्षनं भावाला हात दिला आणि आत घेतलं.

भीमानं चपला बांधावरच काढून ठेवल्या होत्या. आधी त्यानं दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली, मग एक हात सोडला आणि पाण्यात घातला. "गोऱ्या," तो म्हणाला, "ही हालती रं!" त्याचं तोंड लहान पोरासारखं उघडं राहिलं होतं.

ते तोंड बघून गोरक्षनं चावी फिरवली. कुणी म्हटलं नव्हतं, कुणी डिवचलं नव्हतं. त्याला आपल्या भावाला तो आवाज ऐकवायचा होता. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं, बांधावर टाळ्या पडल्या, आणि मग नुसत्या आवाजावर भागेना म्हणून त्यानं होडी हळूच थोडी पुढं घेतली. भीमा मोठ्यानं हसला. आता मागं घ्यायची, क्रेनच्या पट्ट्यांपाशी, की झालं. गोरक्षनं गिअर मागचा टाकला. मागं घेताना मागं बघायचं असतं, हे त्यानं यार्डात कितीतरी पोरांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. तो भावाच्या तोंडाकडं बघत होता.

पंखा तळ्याच्या उताराला लागला. त्यानं कागद नुसता कापला असता तरी निभावलं असतं. पण त्यानं कागद पकडला. मोटारसायकलच्या चाकात पदर जावा तसा ओढून ओढून गुंडाळून घेतला, आणि कागदाचे दोन पट्टे जिथं चिकटवलेले असतात तो जोड वरपासून पार तळापर्यंत उसवत गेला. होडीला हिसका बसला. इंजिन गुदमरून बंद पडलं. बांधावरच्या लोकांना तोही खेळाचाच भाग वाटला, त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदा नूरमहंमदला दिसलं. उताराशी पाण्यातून बुडबुडे वर येत होते.

"गोरक्षा, कागद फाटला!" तो ओरडला.

मग जे चाललं त्याला काही धरबंध राहिला नाही. गोरक्ष कोयता घेऊन पाण्यात शिरला आणि पंख्याला गुंडाळलेला कागद कापू लागला. गोणपाटं आली, चिकणमातीची पोती आली, बनुबाईनं पेटीतली लुगडी आणून दिली. शेवाळानं पाय ठरेना. बुडी मारून फटीत बोळे कोंबावेत तर पाणी ते आत ओढून घेई आणि फट आणखी रुंद होई. ज्या रेझिननं त्यानं मोडकी होडी दगडासारखी केली होती, ते ओल्या कागदाला धरेना. आत मुरूम ढासळत होता, त्याचा आवाज पाण्याखाली ऐकू येत होता. शेवटी नूरमहंमदनं मोटर सुरू केली. जमिनीत मुरण्यापेक्षा झाडांना तरी मिळू दे म्हणून पाणी मोकळं बागेत सोडलं. लिंबोणीच्या बुडाशी डबकी साचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तळ्याचा तळ उघडा पडला, आणि त्या तळाशी होडी एका कुशीवर कलंडून पडली होती.

भीमा बांधावर उकिडवा बसला होता. गोरक्ष चिखलानं माखून वर आला. आता हा मारेल, असं त्याला वाटलं. मारावं, असंही वाटलं.

"तुला कुटं लागलं न्हाई ना?" भीमानं विचारलं. मग म्हणाला, "मीच म्हनलो हुतो, उतरीव म्हनून." त्यापुढं त्यानं या विषयावर तोंड उघडलं नाही. त्यापेक्षा जोड्यानं मारलेलं बरं, असं गोरक्षला तेव्हा वाटलं आणि पुढं रोज वाटत राहिलं.

बहारातल्या लिंबोणीला एकदम तुडुंब पाणी मिळालं आणि मग थेंब नाही. झाडांनी फळ टाकलं. सकाळी उठावं तो झाडाखाली हिरव्यागार, सुपारीएवढ्या लिंबांचा सडा. बनुबाई ती ओंजळीनं गोळा करायची. कशाच्या कामाची नव्हती, पण पायाखाली येऊ नयेत म्हणून. मग पानं वळली, मग पिवळी पडली. एक टँकर मिनतवारीनं मिळवला, तो झाडांच्या मुळांशी पोचायच्या आत मुरमानं पिऊन टाकला. गावात माणसांना पाणी मिळेना, झाडांसाठी दुसरा टँकर कुठून येणार? वैशाख लागला तेव्हा बागेत फक्त काट्या आणि काटे उरले होते. घराजवळची एक ओळ तेवढी भीमा आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावर जगवत होता. बनुबाईनं आंघोळीला अर्धीच बादली घ्यायला सुरुवात केली होती.

छगननं आता हसणं सोडलं होतं, तेच गोरक्षला जास्त लागायचं. टपरीवरून जाताना माणसं बोलता बोलता थांबायची. कुणी तरी एकदा त्याच्या पाठीमागं म्हणालं, "होडी पळवायला भावाची बाग वाळिवली." ते खोटं नव्हतं, म्हणून त्याला भांडताही येईना. त्याला जेवण गोड लागेना, वेल्डिंगला हात चालेना. आरशात बघायचं त्यानं सोडून दिलं आणि दाढी वाढू दिली.

हायड्रानं काढलेली होडी परत गोठ्यात येऊन पडली होती. एका संध्याकाळी गोरक्ष पेट्रोलचा डबा घेऊन तिथं गेला. झाकण काढून झालं होतं, तेवढ्यात मागं भीमा येऊन उभा राहिला. त्यानं डबा काढून घेतला, झाकण लावलं आणि डबा आपल्या पायाशी ठेवला.

"नीट कर तिला," तो म्हणाला.

गोरक्षला वाटलं, दादाला ती डोळ्यांसमोर नको आहे. नीट करावी, कुणाला तरी विकून टाकावी, निदान तळ्याला नवा कागद येईल. विचारायचं धाडस त्याच्यात उरलं नव्हतं, आणि भीमा तर दोन शब्दांपुढं बोलतच नव्हता. तो कामाला लागला. पंख्याच्या दांड्यात घुसलेल्या कागदाच्या चिंध्या चिमट्यानं काढल्या. वाकलेला दांडा नगरहून सरळ करून आणला. पूर्वी गोठ्यातून त्याचं गुणगुणणं घरात ऐकू यायचं, आता पान्याचा आवाज तेवढा यायचा. भीमा मधूनमधून दारात येऊन उभा राहायचा, बघायचा आणि निघून जायचा. भाऊ दारात उभा राहिला की गोरक्ष मान खाली घालायचा.

उजनीच्या काठाला हॉटेल आणि बोटिंग चालवणाऱ्या श्रीमंतराव नावाच्या गृहस्थानं होडी घ्यायची तयारी दाखवली. अट एकच: आधी पळवून दाखवायची. ज्या दिवशी जायचं त्या सकाळी गोरक्ष उजाडायच्या आत उठला. नूरमहंमदनं टेम्पोच्या मागं होडीची गाडी जोडली. भीमाला सांगावं का, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण कुठल्या तोंडानं सांगणार? 'तुझी बाग गेली, आता चल, माझी होडी बघायला'? भीमा न्हाणीकडं गेलेला बघून त्यानं नूरमहंमदला खूण केली आणि टेम्पो चोरासारखा वस्तीबाहेर काढला.

उजनीचं पाणी खूप आत गेलं होतं. काठाला भेगाळलेला गाळ, त्यापलीकडं जुन्या नदीच्या पात्रात खोल पाणी. श्रीमंतराव शेजारी बसले, नूरमहंमद काठावर राहिला. गोरक्षनं होडी मोकळ्या पाण्यात नेली आणि वेगाचा दांडा पुढं दाबला.

नाक वर गेलं, आभाळाशिवाय काही दिसेना, आणि मग एकाएकी ते खाली आलं नि सगळा खडखडाट थांबला. होडी पाण्याच्या वर आली होती. तुळयांनी कुरकुर केली नाही, मागची फळी हलली नाही, पंखा पाणी कापत होता आणि काठ नुसता मागं वाहत होता. श्रीमंतराव टोपी धरून काही तरी ओरडत होते. उरणला त्यानं पळवलेल्या कुठल्याच होडीनं असं केलं नव्हतं. गोरक्षच्या छातीत आनंदाचा लोट उसळला, आणि तो उसळलेला कळताच त्याला स्वतःची किळस आली. तिकडं झाडं जळून काड्या झाल्या आणि मी इथं वाऱ्यावर तोंड धरून हसतोय? त्यानं दांडा मागं घेतला. होडी खाली बसली. काठाला येऊन त्यानं श्रीमंतरावांच्या हातात चावी दिली आणि परत तिच्याकडं वळून बघितलं नाही.

येताना टेम्पोत नूरमहंमद म्हणाला, "काय पळाली यार! भीमाभाऊ पायजे हुते बघायला."

"दादाला काय बोलू नगंस," गोरक्ष म्हणाला.

दिवस कलला तेव्हा गोरक्ष वस्तीवर पोचला. भीमा बांधावर बसला होता. पांढरं स्वच्छ धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. लग्नसराई होती, कुठं तरी अक्षता टाकून आला असेल, असं गोरक्षला वाटलं. तो शेजारी जाऊन बसला. समोर रिकामं तळं, त्याच्या पलीकडं बागेच्या काड्या.

"दिली," गोरक्ष म्हणाला. "आता नवा कागद घेऊ."

भीमानं मान हलवली. मग तळ्याकडंच बघत त्यानं विचारलं, "पळाली का रं?"

गोरक्षच्या डोळ्यांसमोर त्या काड्या होत्या. जळलेल्या बागेच्या मालकाला आपला आनंद कोणत्या तोंडानं दाखवायचा? आपल्याही पदरी काही पडलं नाही, असं सांगितलं तर दोघं निदान एकाच पंक्तीला बसू, असं त्याच्या मनात आलं.

"न्हाई दादा," तो म्हणाला. "उठलीच न्हाई पान्यावर. नुस्ती घासत गेली. सादी होडी म्हनून दिली इकून."

भीमानं डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मग त्याचे खांदे हलायला लागले. फळ गळलं तेव्हा, झाडं वाळली तेव्हा, गाव बोललं तेव्हा जो माणूस रडला नव्हता, तो तोंडात टोपी कोंबून रडू लागला.

"आज तू जानार कळलं हुतं, म्हनून पाटंच उठून न्हायला गेल्तो," तो म्हणाला. "तू हाक मारशील म्हनून. न्हानीतनं आलो तर तू गेल्ता. तरी कापडं घालून बसलोच." त्यानं नाक पुसलं. "रोज बनूला म्हनायचो, बाग गेली तर जाऊ दे, पन आपल्या गोऱ्याची होडी पळंल. त्याच्यावरच दिस काढले रं मी. आता कशापायी गेली म्हनायची बाग?"

दारात उभं राहून बघणारा भाऊ, 'नीट कर तिला' म्हणणारा भाऊ गोरक्षला आत्ता, या क्षणाला कळला. त्यानं भीमाचे दोन्ही हात धरले.

"दादा, पळाली! खोटं बोललो मी. लई पळाली, अशी कुनाचीच पळाली न्हाई. पान्याला टेकतच नव्हती, दादा. श्रीमंतराव टोपी धरून बसले हुते. नूरला इचार. थांब, फोन लावतो, तूच बोल त्यांच्याशी."

त्यानं मोबाईल काढला. घाईत त्याला नंबर सापडेना. भीमानं त्याच्या हातावर हात ठेवून मोबाईल खाली केला. लहानपणी ताप आला की ठेवायचा, तसा त्यानं धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, गोऱ्या," तो म्हणाला. "तुला खोटं बोलता येत न्हाई. मगाशी बोललास तेच खरं."

आणि तो उठून घराकडं चालू लागला.